फरशी निवडायची ती पाणी बघून

माजलगावात आमचं टाइल्सचं दुकान आहे आणि गल्ल्यावर मी बसते. घर बांधणारा माणूस हॉलच्या फरशीसाठी चार चकरा मारतो, देवघरासाठी बायकोला सोबत आणतो आणि बाथरूमची टाइल बिल होता होता उरकतो. "द्या त्यातलीच एखादी, ताई." घरातली सगळ्यात ओली, सगळ्यात जास्त घासली जाणारी आणि सगळ्यात जास्त माणसं पाडणारी जागा ती! तिच्याबद्दल गल्ल्यावरून जे कळत गेलं ते लिहिते. क्रम माझा आहे, मिस्त्री लोक वेगळा लावतील.

१. आधी पाणी सांगा, मग डिझाइन बघू.

गिऱ्हाईक आलं की मी पहिलं विचारते, "बोअरचं पाणी का धरणाचं?" लोक हसतात. पण बाथरूमच्या फरशीचा निकाल त्यातच आहे. आपल्या भागातलं बोअर काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी ओढतं आणि ते कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. गीझरची कॉइल पांढरी होते, नळाच्या तोंडाशी खपल्या धरतात, तेच फरशीवरही होतं. शिवाय जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, चिकट पांढरा थर मात्र येतो. तो नीट धुऊन काढायला भरपूर पाणी लागतं आणि उन्हाळ्यात बादली मोजून वापरायची असते. म्हणजे आपल्याकडची बाथरूम पुण्या-मुंबईपेक्षा जास्त निसरडी होते आणि लवकर डागाळते. मग डाग काढायला घरात अ‍ॅसिडची बाटली येते. कुठली फरशी टिकणार, ते ही बाटली ठरवते.

२. शहाबादीची जागा न्हाणीत आहे, अ‍ॅसिडच्या बाथरूममध्ये नाही.

शहाबादीबद्दल मला माया आहे. आमच्या पिढीनं रांगायला सुरुवात केली ती शहाबादीवर. निजामाच्या राज्यात बीड आणि शहाबाद एकाच सरकारखाली होतं. १९५६ साली भाषावार राज्यं झाली, शहाबाद कानडी मुलखात गेलं, आपण मुंबई राज्यात आलो, फरशीचा रस्ता मात्र बंद झाला नाही. अजून वाडी-शहाबादकडून ट्रक येतात. बिनपॉलिशची शहाबादी ओली झाली तरी पायाला धरते. तिच्यावर बंब पेटवा, निखारे सांडा, धुणं आपटा, ती कुरकुरत नाही. अंगणातल्या न्हाणीला, धुण्याच्या जागेला मी आजही तीच सुचवते, आणि स्वस्तात काम होतं हे वर.

पण शहाबादी म्हणजे चुनखडी दगड. संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, दारावर सुटं विकायला येतं तेही बहुधा तेच. चुनखडीवर ते पडलं की बुडबुडे येतात. तो मळ निघत नसतो, दगड विरघळत असतो. दोन-तीन वर्षं असं चाललं की पृष्ठभाग खडबडीत होतो, परत सुटायला लागते, खड्ड्यात मळ बसतो आणि मग आणखी अ‍ॅसिड. तांदूर, कोटा, कडप्पा, संगमरवर ही सगळी त्याच कुळातली, नावं आणि रंग वेगळे. जुन्या मोझॅक टाइलमध्येही संगमरवराची चुरी आणि सिमेंट असतं, तिचीही तीच गत. कडप्पा तर काळा, त्याच्यावर क्षाराचा पांढरा डाग दुरून दिसतो. ओट्याला तो शोभतो, बाथरूमला मागितला तर मी दोनदा विचारते.

आपल्या मातीतला काळा दगड अ‍ॅसिडला सहजी बधत नाही. जुन्या वाड्यांच्या न्हाणीत आंघोळीला बसायचा एक घडीव धोंडा असायचा, तो पिढ्यान् पिढ्या तसाच राहिला. पण तो घडवून देणारे पाथरवट आता शोधावे लागतात आणि मजुरी टाइलच्या कितीतरी पट होते. हौस आणि पैसा दोन्ही असेल तर जरूर करा.

३. भिंतीची टाइल जमिनीवर टाकू नका.

गुजरातेत मोरबी नावाचं गाव आहे, देशातल्या बहुतांश टाइल्स तिथून निघतात. तिथून येणाऱ्या खोक्यांवर सगळं छापलेलं असतं, वाचत कुणी नाही. भारतीय मानक आयएस १५६२२ टाइलचे गट पाडतं ते ती किती पाणी पिते यावर. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. व्हिट्रिफाइडला मर्यादा अर्ध्या टक्क्याची. किलोभर वजनाची भिंतीची टाइल शंभर ग्रॅमच्या वर पाणी शोषते, तेवढीच व्हिट्रिफाइड पाच ग्रॅमसुद्धा नाही. भिंतीवर वजन पडत नाही म्हणून तिथं सिरॅमिक चालते. जमिनीवर तिची वरची काच घासून जाते, कोपरे उडतात.

दुकानात ओळखायचं कसं? टाइल उलटी करा आणि मागच्या बाजूला चार थेंब टाका. थेंब लगेच मुरला तर ती भिंतीची. तसाच बसून राहिला तर जमिनीला न्या. व्हिट्रिफाइडच्या अंगाला नेहमीचं अ‍ॅसिड खात नाही, म्हणून जड पाण्याच्या घराला माझं मत मॅट फिनिशच्या व्हिट्रिफाइडला. तरी अ‍ॅसिड रोज नको. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून दहा मिनिटं ठेवलं तरी ताजा क्षार सुटतो.

४. चप्पल काढा, पाय ओला करा.

चकचकीत टाइल शोरूमच्या दिव्याखाली फार देखणी दिसते. आमच्या दुकानात काउंटरजवळ एक मग आणि साबणाची वडी ठेवलेली असते. टाइल जमिनीवर ठेवायची, साबणाचं पाणी टाकायचं, अनवाणी टाच फिरवायची. धोतर वर धरून टाच फिरवणारे तात्याही पाहिलेत आणि मग त्यांनीच मुलाला गप्प करून मॅट टाइल घेतलेली पाहिली आहे.

खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये आर-९, आर-१०, आर-११ असे आकडे असतात. ही जर्मन चाचणी आहे. तेल टाकलेल्या फळीवर बूट घातलेला माणूस चालवतात, फळी हळूहळू तिरकी करतात आणि कितव्या अंशाला तो टिकत नाही ते मोजतात. आर-९ म्हणजे ६ ते १० अंश, आर-१० म्हणजे १० ते १९, आर-११ म्हणजे १९ ते २७. आता आपण बूट घालून आंघोळ करत नाही. अनवाणी पायाची, साबणाच्या पाण्याची वेगळी चाचणी आहे, तिच्या श्रेणी ए, बी आणि सी, अनुक्रमे १२, १८ आणि २४ अंशांना. कॅटलॉगमध्ये ही श्रेणी दिलेली असेल तर बी बघून घ्या. नसेल तर आर-१० किंवा आर-११, आणि तेही नसेल तर आपली टाच आहेच. दिवाळीच्या पहाटे तेल-उटण्याच्या बाथरूममध्ये हे आकडे कळतात.

५. फार खरखरीतही नको.

काही जण एकदम पार्किंगची टाइल मागतात. पाय घसरत नाही हे खरं, पण तिच्या खाचांत क्षार आणि साबण जाऊन बसतो, ब्रश पोचत नाही आणि पोछा अडकतो. टाइल पसंत करायला पुरुष येतात, घासणारी घरी असते. शक्य असेल तर तिला दुकानात आणा.

६. बाथरूमला लहान टाइल.

सध्या दोन बाय चारचं वेड आहे. हॉलला घ्या खुशाल. बाथरूमच्या जमिनीला चारी बाजूंनी जाळीकडे ढाळ द्यायचा असतो आणि मोठी टाइल वाकत नाही. मग मिस्त्री एक तर ती तिरकी कापतो किंवा ढाळच चोरतो. एक बाय एकची टाइल ढाळ नीट घेते, शिवाय जोड जास्त म्हणून पायाला पकड जास्त. फुटाला दीड ते दोन सूत ढाळ मागा आणि मिस्त्रीच्या समोर बादलीभर पाणी ओतून बघा. कोपऱ्यात थांबलेलं पाणी वाळलं की तिथं पहिला क्षार धरतो.

७. पांढरी नको, काळी नको.

पांढरीवर आपल्या रानातली काळी माती दिसते, काळीवर क्षार दिसतो. राखाडी, वाळूसारखी, बारीक ठिपक्यांची घ्या. यावर वाद घालायला मला आवडत नाही.

८. टाइल टिकते, जोड मरतात.

लोक टाइलला पैसे देतात आणि जोडात व्हाइट सिमेंट भरून मोकळे होतात. सिमेंट अ‍ॅसिडला शहाबादीइतकंच घाबरतं. जोड झिजले की पाणी खाली उतरतं आणि पलीकडच्या खोलीच्या भिंतीला पोपडे येतात. टाइल टाइलला चिकटवून बसवू देऊ नका, दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायला लावा आणि एपॉक्सी ग्राउट भरा. ते कितीतरी महाग आहे, मान्य. पण बाथरूम असते केवढी? टाइल एक दर्जा खाली घ्या, ग्राउट चांगलं घ्या.

९. टिपाचं वजन विसरू नका.

आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून बाथरूमच्या कोपऱ्यात भरलेलं टिप असतं. २०० लिटरचं टिप म्हणजे दोन क्विंटल, तेही छोट्या गोलावर. टाइलखाली पोकळी राहिली असेल तर तिथंच तडा जातो. व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही म्हणून साध्या सिमेंटच्या रबडीला ती नीट धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतं, आणि बसवल्यावर नाण्यानं ठोकून बघायचं. पोकळ वाजली ती उचलायला लावा.

टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंगची परीक्षा घ्या म्हटलं की लोक टँकरचा हिशोब सांगतात. पाच बाय सातच्या बाथरूममध्ये दोन इंच पाणी म्हणजे साधारण १६५ लिटर, एक टिपही नाही. जाळी बंद करून दिवसभर ठेवा, ओल कुठं उतरते ते बघा, आणि तेच पाणी उपसून प्लास्टरवर मारा.

१०. आंघोळ कोण करणार, ते विचारा.

दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल मिळते. घराचं राहिलेलं काम त्यातून काढायला वडवणी, धारूर, केजकडची जोडपी दुकानात येतात. पसंती त्यांची, पैसा त्यांचा, आणि नंतर पाच-सहा महिने ती दोघं उसाच्या फडात. बाथरूम वापरतात मागं राहिलेली म्हातारी आणि नातवंडं. म्हातारी पडली तर उचलायला घरात दहा वर्षांचं पोर. अशा घराला मी चकचकीत टाइल दाखवतच नाही. मागितली तर आतून काढायला लावत नाही, मालक रागावले तरी.

त्याच बिलात एक स्टीलचा पकडायचा दांडा घालते. टॉवेलचा रॉड त्या कामाचा नाही, तो पोकळ असतो आणि माणसाच्या वजनानं निघून येतो. दांडा भिंतीत अँकर बोल्टनं बसतो आणि त्यासाठी विटेचं बांधकाम भक्कम हवं, पोकळ टाइल नको. म्हणून त्याची जागा टाइल लावायच्या आधीच भिंतीवर खडूनं आखून घ्या: आंघोळीला बसून उठताना म्हातारीचा हात जिथं पोचतो तिथं, गवंड्याच्या उंचीनं नाही. म्हातारीला एकदा तिथं पाटावर बसवून उठायला सांगा आणि मगच खूण करा.