सहकाऱ्याला त्याच्या कामाबद्दल कसे सांगावे?



शाळा असो, कार्यालय असो किंवा सेवाकार्य, हाताखालच्या माणसाला त्याचे काम कसे चालले आहे हे सांगणे कोणाच्या तरी वाट्याला येतेच. पुष्कळदा आपण ते टाळतो, नाहीतर चारचौघांत रागावून मोकळे होतो.

निर्गमाच्या 18 व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो काय करतो ते पाहा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत होता. इथ्रोने आधी ते स्वतः पाहिले. असे का करतोस, हे विचारून मोशेचे उत्तर ऐकून घेतले. मग ही रीत बरी नाही, यात तू आणि लोकही थकून जाल, असे स्पष्ट सांगितले. हजार, शंभर, पन्नास व दहा जणांवर नायक नेमण्याचा उपायही सुचवला. मोशेने तो मानला.

हाच क्रम आजही उपयोगी पडतो. समजा, पाड्यावरील आरोग्यसेविका 6 महिने ते 5 वर्षांच्या बालकांचा दंडघेर मोजते. तो 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बालक तीव्र कुपोषित समजून उपचारासाठी पाठवायचे असते. पट्टी सैल राहून 11.3 ऐवजी 11.8 अशी नोंद झाली, तर ते मूल उपचारांना मुकते.

अशा वेळी “तुम्ही निष्काळजी आहात” म्हटल्याने ती दुखावेल; पट्टी मात्र सैलच राहील. त्यापेक्षा तिच्याबरोबर जाऊन मोजणी पाहावी आणि नंतर बाजूला घेऊन सांगावे, “ताई, बाळाच्या आईला तुम्ही छान समजावलंत. पट्टी मात्र सैल होती, त्यामुळे माप जास्त येतं. मोजताना काही अडचण येते का?” कदाचित मूल हात आखडून घेत असेल. पट्टी दंडाला टेकेल पण रुतणार नाही, अशी धरून दाखवावी. मग तिला स्वतः करू द्यावे.

लक्षात ठेवा:

1. ऐकीव गोष्टीवर बोलू नका. काम स्वतः पाहा.
2. आधी विचारा, मग सांगा.
3. स्वभावावर नको, नेमक्या कृतीवर बोला.
4. चूक एकांतात दाखवा. सुधारण्याची वाटही दाखवा.
5. पुढच्या भेटीत पुन्हा पाहा. सुधारणा दिसली तर तेही आवर्जून सांगा.

विचारासाठी: ज्याच्याबद्दल आपण इतरांजवळ तक्रार करतो, त्याच्याशी आपण स्वतः बोललो आहोत का?