पाणी, वीज आणि नायगावचा नियम

दुर्मिळ साधनांचे वाटप ही अर्थशास्त्राची व्याख्या आपण पाठ करतो. तीच विहिरीच्या काठावर नेऊन पाहिली तर काय दिसते, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढविण्यास, घर्षण वगैरे सोडून दिले, तरी ०.०२७ युनिट वीज लागते. बोअर शंभर मीटर खोल गेली की तेच ०.२७ युनिट होतात. प्रत्यक्षात पंप याच्या दुप्पट वीज खातो. म्हणजे पाणी जितके खाली, तितकी वीज अधिक. ही वीज मुख्यतः कोळशाची. चंद्रपूरच्या केंद्रात ती तयार होते, आणि त्या केंद्रालाही इरई धरणाचे पाणी लागतेच!

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. शेतकऱ्याची ओढगस्त पाहता तिला नावे ठेवणे मला जड जाते. सौरपंपाचेही तसेच. केंद्राची ‘कुसुम’ योजना २०१९ मध्ये आली. सौरपंपाने धूर नाही, बिल नाही आणि रात्री-अपरात्री साप-विंचवातून मोटार सुरू करायला जाणेही नाही. परंतु उपसा फुकट झाला की थांबण्याचे कारणच उरत नाही. सूर्य विजेचा प्रश्न सोडवील. भूजल भरून देणार नाही.

मग मर्यादा कोठे घालावी? माझ्या मते ती विजेवर नव्हे, पाण्यावरच घातली पाहिजे. पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी ते करून दाखविले. १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची चाळीस एकर जमीन कराराने घेऊन त्यांनी काम सुरू केले. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीचा दंडक असा: पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहणारा ऊस वर्ज्य. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरावयाचा.

यातील सर्व योजना पुढे टिकल्या नाहीत, हे खरे. तरी दोन कलमे मला आजच्या सौरपंपांच्या काळात फार महत्त्वाची वाटतात. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. आणि ज्याला गुंठाभरही जमीन नाही, अशा भूमिहीनालाही पाण्याचा वाटा होता.