वस्तीचा डेटा कोणाचा?

'स्मार्ट सिटी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एलईडीचे दिवे, सीसीटीव्ही कॅमेरे आणि वाय-फायचा खांब येतो. आपण पडलो इंजिनिअरिंगचे विद्यार्थी! सेन्सर कोणता आणि प्रोसेसर कोणता, यावर कँटीनमध्ये तासन्‌तास बोलतो. पण त्या सेन्सरने गोळा केलेली माहिती शेवटी कोणाची, हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम व्याख्या पाहू. माहिती लोकांना 'दिसणे' आणि ती 'खुली' असणे यात फरक आहे. समजा, प्रभागात घंटागाडी कधी येते त्याचं वेळापत्रक स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकलं. ते डोळ्यांनी वाचता येतं, पण प्रोग्रॅमला त्याचा फारसा उपयोग नाही. तेच सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या रांगा-रकान्यांत दिलं, तर सेकंड इयरचा मुलगासुद्धा त्यावर प्रोग्रॅम लिहील. तेव्हा खुल्या डेटाच्या मुख्य अटी तीन: यंत्राला वाचता येईल असा फॉरमॅट, कोणालाही सहज मिळण्याची सोय, आणि तो वापरण्याची व पुढे वाटण्याची स्पष्ट परवानगी.

याचा फायदा काय? अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या सार्वजनिक वाहतूक संस्थेने २००५ साली आपलं वेळापत्रक गूगलला एका साध्या फॉरमॅटमध्ये दिलं. त्यातूनच जीटीएफएस हे स्टँडर्ड तयार झालं. आज जगभरातल्या बस आणि रेल्वे सेवा ते वापरतात. मुळात त्या आहेत फक्त काही टेक्स्ट फाइल्स: थांबे, मार्ग, वेळा. किती साधी गोष्ट!

आपल्याकडेही पाया आहे. माहिती अधिकार कायदा २००५, त्याचं कलम ४ सांगतं की सरकारी कार्यालयांनी बरीचशी माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करावी. २०१२ साली केंद्र सरकारचं डेटा खुला करण्याचं धोरण आलं आणि त्याच वर्षी सरकारी डेटाचं पोर्टलही सुरू झालं.

आता नाण्याची दुसरी बाजू. सगळंच खुलं करायचं का? २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये माहितीच्या अर्जावरून २०१३ सालच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा देण्यात आला. फेऱ्या होत्या सतरा कोटींहून जास्त. टॅक्सीचे परवाना क्रमांक लपवण्यासाठी त्यांचं एमडी-५ हॅश केलं होतं. हॅश उलटं फिरवता येत नाही, हे आपण शिकतो. पण इथे गणित करा. क्रमांकात जास्तीत जास्त तीन अक्षरं आणि तीन अंक. २६ × २६ × २६ × १००० = १,७५,७६,०००. एवढ्या सगळ्या क्रमांकांचं हॅश काढून तक्ता बनवायला साधा कॉम्प्युटरही पुरतो. मग फक्त जुळवायचं. झालं! एका प्रोग्रॅमरने हे थोड्याच वेळात करून दाखवलं. धडा असा, की शक्यता मोजक्या असतील तर नुसत्या हॅशने काही लपत नाही.

वस्तीच्या पातळीवर तर धोका अधिक, कारण माणसं थोडी. प्रत्येक घराच्या पाण्याच्या मीटरचं तासाचं रीडिंग जाहीर केलं तर दिवाळीत कोण गावाला गेलंय हे चोरालाही कळेल. तेच आकडे शंभर घरांची बेरीज करून दिले, तर गळती कुठे आहे ते कळतं आणि कोणाचं घर बंद आहे ते कळत नाही. इंजिनिअरिंगचं खरं काम इथे आहे: किती घरांची बेरीज, किती वेळाची सरासरी.

या विषयातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. टोरांटोच्या जलकिनाऱ्यावर क्वेसाइड नावाची सुमारे १२ एकरांची जागा. ऑक्टोबर २०१७ मध्ये वॉटरफ्रंट टोरांटो या सरकारी संस्थेने गूगलची भगिनी कंपनी साइडवॉक लॅब्ज हिची तिथे निवड केली. सेन्सरनी भरलेली वस्ती उभारायची होती. लोकांनी विचारलं, डेटा कोणाचा? कंपनीने त्यासाठी स्वतंत्र ट्रस्टची कल्पना मांडली. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये गोपनीयतेच्या तज्ज्ञ सल्लागार अ‍ॅन कॅव्हुकियन यांनी राजीनामा दिला. डेटातली माणसाची ओळख तो गोळा होतानाच पुसली जावी, ही त्यांची मागणी होती. इतर कंपन्यांवर तसं बंधन राहणार नाही, असं त्यांना दिसलं. मे २०२० मध्ये आर्थिक अनिश्चिततेचं कारण देऊन कंपनीने प्रकल्प सोडला. कारण आर्थिक दिलं असलं, तरी अडीच वर्षं वाद गाजला तो बराचसा डेटाच्या मालकीवरच. कारण हा प्रश्न करारानंतर विचारला गेला. तो आधी विचारायला हवा होता, असं मला वाटतं.

आपल्याकडे स्मार्ट सिटी मिशन जून २०१५ मध्ये सुरू झालं आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपलं. पुण्यात त्यासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग निवडला होता. मिशन संपलं तरी प्रश्न संपत नाहीत. ज्या वस्तीत टँकर येतो, तिथल्या बायकांना डॅशबोर्डवरचे रंगीत आलेख नकोत. पाणी किती सुटलं आणि टँकर किती आले, हा आकडा हवा. तो हातात असला की वॉर्ड ऑफिसात बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

म्हणून माझा नियम सोपा आहे: कारभाराचा डेटा उघडा, माणसांचा डेटा झाकलेला. टँकर, कचरा, रस्त्याचं टेंडर हे सर्वांना दिसू दे. कोण कधी घरी आलं, ते कोणालाच नको. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर आपल्याच प्रभागाचं एक पीडीएफ घ्या आणि त्याची स्वच्छ सीएसव्ही करा. नवा सेन्सर नंतरही लावता येईल!