ट्रॅक्टरच्या धुराड्याचे जाम झालेले बोल्ट

माळेगाव बुद्रुक येथील साखर कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर आला असता ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरचे फुटके धुराडे बदलावयाचे झाल्यास घाई करू नये. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो व आट्यांत घट्ट बसतो. पान्यास लांब नळी अडकवून बळ लावण्याची चाल धोक्याची होय. बोल्ट तुटून त्याचा तुकडा इंजिनाच्या हेडमध्येच राहतो, व हंगामात गाडी अडते.

आदल्या सायंकाळी, इंजिन थंड असता, आटे तारेच्या ब्रशाने साफ करून गंज सोडविणारे तेल द्यावे. सकाळी हातोडीचे हलके ठोके देऊन घट्ट बसणारा रिंग पाना लावावा. प्रथम किंचित आवळावे, मग सैल करावे. अडल्यास पुन्हा आवळून तेल द्यावे. नट तापविणे जाणत्या वेल्डरकडूनच, तेल पुसून व डिझेलची नळी दूर करून. नव्या बोल्टास उष्णता सोसणारे तांबेयुक्त ग्रीस लावावे.