दुबळा हात आधी : केटलबेल क्रीडेचा एक धडा

जे चांगले जमते तेच अधिक करावे, हा मनुष्यस्वभाव आहे. ज्याचे खांदे भक्कम तो खांद्यांचा व्यायाम वाढवतो. ज्याचा दमसास चांगला तो आणखी धावतो. जे जमत नाही ते मात्र 'उद्या पाहू' म्हणून मागे पडते. केटलबेलच्या स्पर्धेत ही पळवाट फार काळ टिकत नाही. म्हणूनच हा क्रीडाप्रकार वैद्यकीय दृष्टीनेही अभ्यासण्याजोगा आहे.

केटलबेल म्हणजे वर मूठ असलेला ओतीव लोखंडी गोळा. रशियात बाजारातील तराजूचे हे वजन. 'पूद' या जुन्या परिमाणानुसार ते सुमारे १६ किलोच्या पटीत असे. १९८५ मध्ये सोव्हिएत संघात स्पर्धेचे नियम एकसमान झाले आणि पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा लिपेत्स्क येथे झाली. आज १६, २४ व ३२ किलो ही प्रमुख वजने आहेत. 'जर्क' प्रकारात छातीशी धरलेले दोन गोळे डोक्यावर नेतात. 'स्नॅच'मध्ये एकच गोळा पायांमधून झुलवून एका दमात वर नेतात. वेळ १० मिनिटे. गोळा जमिनीवर टेकला की डाव संपतो. पारंपरिक स्नॅचमध्ये हातबदल एकदाच करता येतो.

या नियमांचा परिणाम असा, की डाव केव्हा संपावा हे सर्वांत बलवान स्नायू ठरवत नाही. जो आधी थकतो तो ठरवतो. पाय, पाठ व हृदय शाबूत असताना केवळ बोटांची पकड सुटल्याने खेळाडूला थांबावे लागते. समजा, उजव्या हाताने १०० आणि डाव्याने ६० आवर्तने होतात. उजव्याची १०५ करण्यास जेवढे कष्ट पडतील, तेवढ्यात डाव्याची ८० होणे अधिक शक्य असते.

मात्र उपचाराआधी निदान हवे. जर्कमध्ये गोळे छातीशी विसावताना धाप लागली, तर दोष फुप्फुसांचाच असेल असे नाही. कोपरे कमरेच्या हाडावर टेकत नसतील, तर सारा भार हातांवर येतो आणि श्वास कोंडतो. तेथे उणीव पाठीच्या व कमरेच्या लवचिकतेची असते. लक्षण एकीकडे, कारण दुसरीकडे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

उपचाराची रीत साधी आहे. एका वेळी एकच उणीव निवडावी. शरीर ताजे असताना, सरावाच्या आरंभीच तिला वेळ द्यावा. वजन हलके घ्यावे. दुबळ्या हाताने सुरुवात करावी आणि चांगल्या हाताने त्याच्या पुढे धावू नये. बलस्थानांचा सराव कमी करावा, पण बंद करू नये. आणि वेदना म्हणजे उणीव नव्हे. दुखरा सांधा सरावाने दामटू नये, तो तपासून घ्यावा.

बालरोगशास्त्रात हेच तत्त्व आपण वापरतो. मंददृष्टी असलेल्या मुलाच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुबळ्या डोळ्याला काम देतो. एका बाजूच्या सेरेब्रल पाल्सीत चांगला हात रोज काही वेळ बांधून दुबळ्या हाताला खेळवतो. दोन्हींत मूल चिडते, रडते, कारण त्याच्याकडून नेमके न जमणारे मागितले जाते. पालकांचा निर्धार डळमळतो तो येथेच. आणि वय निघून गेल्यावर गेलेली संधी पुरती परत येत नाही. मात्रा येथेही महत्त्वाची : पट्टी अवाजवी काळ राहिली, तर चांगल्या डोळ्याचीही दृष्टी मंदावू शकते.

प्रौढाला पट्टी बांधणारे कोणी नसते. ती त्याने स्वतःच बांधायची असते. व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाने, आपण डॉक्टरांनीही, एवढेच विचारावे : मला सर्वांत आधी काय थांबवते? उत्तर मिळाले, की उद्याच्या सरावाचा पहिला प्रहर त्यालाच द्यावा.