चष्मा, बास आणि दुखणारे कान

प्रश्न : बजेट ३,००० रुपये. बास भरपूर हवा, पण चष्म्यामुळे तासाभरात कान दुखतात. कोणता हेडफोन घेऊ?

उत्तर : कानावर टेकणारा नको, अख्खा कान आत मावेल असा, बंद कपांचा घ्या. बास नुसत्या मोठ्या ड्रायव्हरने येत नाही. गादी कानाभोवती नीट बसली नाही, तर फटीतून हवेचा दाब निसटतो आणि ढोलाचा ठोका पोकळ लागतो. चष्म्याची काडी नेमकी तिथेच फट पाडते. म्हणून दुकानात चष्मा लावूनच ऐका आणि कप तळव्याने हलकेच दाबा. बास एकदम वाढला, तर गादीला फट राहतेय; तो जोड सोडा. गादी जाड, मऊ फोमची, वजन शक्यतो २५० ग्रॅमच्या आत. वायरचा चालत असेल तर तोच घ्या. पैसे बॅटरीत न जाता आवाजात जातात. सुट्या गाद्या मिळतात का, तेही विचारा. गादीचं रेक्झिनच आधी सोलवटतं.