तयार तुकड्यांची गोधडी : शिवणापूर्वीची निवड

बंगळूरूच्या शिवाजीनगर परिसरात १९२७ साली उभारलेले रसेल मार्केट आणि जवळच्या कमर्शियल स्ट्रीटवरील कापडाची व शिंप्यांची दुकाने सर्वपरिचित आहेत. जेथे शिवणकाम मोठे, तेथे कातरणही विपुल. अशा कातरणीतून एकसारखे कापलेले चौकोन मिळाले, तर गोधडीचे निम्मे श्रम वाचतात, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कात्रीचे श्रम वाचतात, निवडीचे वाढतात.

घरच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना कापड अनेक धुण्यांनी आटलेले, खळ गेलेले व रंग स्थिरावलेले असते. नव्या तुकड्यांचे तसे नसते. जुन्या अस्तरावर नवे तुकडे शिवले, तर पहिल्याच धुण्यात वरचा थर आटतो, अस्तर आटत नाही आणि संपूर्ण गोधडीला चुण्या पडतात. म्हणून तुकडे प्रथम साध्या पाण्यात रात्रभर भिजवावेत. ते चोळू अथवा पिळू नयेत, अन्यथा कडांचे धागे सुटतात. सावलीत वाळवून इस्त्री करावी व नंतरच पुठ्ठ्याच्या साच्याने पुन्हा मापून छाटावेत. गडद लाल व निळे तुकडे ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावेत. रंग उतरल्यास ते वेगळे काढावेत.

धाग्याची परीक्षाही आवश्यक आहे. तुकड्याचा एक धागा चिमट्यात धरून, शेजारी पाणी ठेवून, ज्योतीजवळ न्यावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. धाग्याच्या व्यापारात कापसाची आर्द्रता ८.५ टक्के, तर पॉलिएस्टरची केवळ ०.४ टक्के धरली जाते. घाम शोषणारी गोधडी व अंगाला चिकटणारी गोधडी यांतील भेद येथेच आहे. बचत गटाने सुती म्हणून विकलेल्या गोधडीत दहा तुकडे जरी कृत्रिम धाग्याचे निघाले, तरी ग्राहक पुन्हा येत नाही.

१५ सेंटीमीटरचे १५० चौकोन घेऊन १० स्तंभ व १५ ओळी मांडाव्यात. प्रत्येक बाजूस पाऊण सेंटीमीटर माया धरल्यास तयार चौकोन १३.५ सेंटीमीटरचा होतो आणि गोधडी १३५ × २०२.५ सेंटीमीटर भरते. शिलाई १ मिलिमीटर खोल गेली, तर प्रत्येक जोडात २ मिलिमीटर कापड जाते. १५ तुकड्यांच्या रांगेत १४ जोड असल्याने तूट २८ मिलिमीटर होते. शेजारची रांग अचूक असेल, तर दोन्हींचे कोपरे कधीच जुळणार नाहीत. यासाठी मशीनच्या पट्टीवर मायेची खूण चिकटवावी. चौकोनाच्या कडा ताण्या-बाण्याला समांतर असाव्यात. उरेब कापलेला तुकडा ओढला जातो.

रंगांची मांडणी शिवण्यापूर्वी जमिनीवर करून दुरून पाहावी. फिक्या-गडद रंगांचा आलटून-पालटून क्रम ठेवल्यास साधे तुकडेही उठून दिसतात. ओळी जोडताना एका ओळीची माया डावीकडे व पुढच्या ओळीची उजवीकडे इस्त्री करावी, म्हणजे जोडावर जाडी साचत नाही. त्याखाली जुन्या सुती साडीचे दोन-तीन थर व अस्तर पसरून मध्यापासून कडांकडे टाचावे आणि ३ ते ४ सेंटीमीटर अंतराने धावदोरा घालावा.

तुकडे असमान असतील, तर त्यांना बळेच चौकोनात बसवू नये. त्यासाठी उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर परिसरातील सिद्दी स्त्रियांची कवंडी पाहावी. तेथे वरचा थर आधी जोडून घेत नाहीत. अस्तरावर कडेपासून आरंभ करून, तुकड्यांच्या कडा आत मुडपत, फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे शिवत जातात. त्यामुळे कोणत्याही आकाराचा तुकडा सामावतो व मापाची चूक पुढच्या फेरीत मुरते. चारही कोपऱ्यांवर घडीचे त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात, आणि फुलांवाचून कवंडी उघडी समजली जाते. चौकोनांची गोधडी शिवून उरलेल्या छाटणीचा याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल.